खेळाडू दूर असताना खलनायक काय करतो

मित्रांसोबत टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाचा (आरपीजी) मी सूत्रधार असतो; प्रत्येक सत्राची तयारी करताना मी स्वतःला पहिला प्रश्न हाच विचारतो की, खेळाडूंनी काहीच केले नाही, तर खलनायक आणि बाकीचे गट या आठवड्यात काय साधतील. २०१२ च्या ‘डन्जन वर्ल्ड’ या भूमिका-खेळाने येऊ घातलेला अनर्थ आणि त्याआधीच्या अशुभ खुणा क्रमाने लिहून ठेवण्याची रीत शिकवली; २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या तशाच खेळामध्ये ४, ६ किंवा ८ भागांची वर्तुळे असतात, ज्यांना घड्याळे म्हणतात, आणि गटांची कामे पुढे सरकतात तसे त्यांचे भाग भरत जातात.

माझ्या मोहिमेत, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या कथेत, मिठाचे व्यापारी, नदीकाठचा मठ आणि पदच्युत राणी असे तीन गट आहेत. राणीच्या ८ भागांच्या घड्याळाचा पाचवा भाग भरला, तेव्हा खेळाडू डोंगरात ड्रॅगनचा माग काढत होते. ते परतले, खानावळीत त्यांच्या पानात अळणी कालवण आले आणि मिठाचा घाट राणीच्या शिपायांनी अडवला आहे, हे त्यांनी स्वतःच ताडले. त्या क्षणाचा आनंद मला अजून पुरतो आहे, कारण जिची झळ खेळाडूंना लागत नाही, ती चाल माझ्या वहीतच राहते.

राणीला काय ठाऊक आहे, याची नोंद मी वेगळी ठेवतो, म्हणजे माझ्याजवळची माहिती नकळत तिच्या हाती जात नाही. ड्रॅगन मेल्याचे तिला अद्याप कळलेले नाही. मठाला मात्र कळले आहे, आणि त्याच्या घड्याळाचा एकच भाग उरला आहे.