फाटलेला बूट आणि वाचलेला जॉइंट

तुरीच्या राशी आटोपल्यावर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, पंक्चर झाले म्हणून गाडीचे पुढचे डावे चाक काढले, तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले. शॉक अब्सॉर्बरवर आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मवरही ते बसले होते, आणि त्यांवर आमच्या काळ्या रानाची धूळ चिकटून जाड खपली धरली होती. चाकाच्या मागे, इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर जो घड्यांचा रबर बूट असतो, तो फाटला होता.

ज्या गाडीची पुढची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्या गाडीत प्रत्येक पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरावे लागते, वळावे लागते आणि खड्ड्यांत खाली-वरही व्हावे लागते. हे सारे सांभाळणाऱ्या बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी गोळ्या असतात आणि त्या खाचांमधून सरकत राहतात. अॅम्बेसिडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालत असल्याने त्यांच्या पुढच्या चाकांना असा शाफ्ट नव्हता. १९८३ साली मारुती ८०० आली आणि त्यानंतर हा भाग आपल्याकडे घरोघरी पोहोचला. बूट आतले ग्रीस आत आणि बाहेरची माती बाहेर ठेवतो. तो फाटला की फिरणारा शाफ्ट ग्रीस बाहेर भिरकावतो आणि आत शिरलेली धूळ उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून पोलाद घासू लागते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की ‘कट-कट’ असा आवाज येतो. तो येईपर्यंत खाचा झिजलेल्या असतात आणि नवा बूट घालून काही साधत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या गॅरेजात उजव्या बाजूला उभा चिरलेला, चिकटवून जोडायचा बूट बसवला गेला. शाफ्ट न काढता काम होते, एवढाच त्याचा फायदा. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा सांधा सुटला, मला कळले नाही, आणि पुढे अख्खा शाफ्ट बदलावा लागला.

या वेळी परभणीत जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि आधी एकच विचारले, “सर, वळताना आवाज नाही न येत अजून?” येत नव्हता. “मग वाचला म्हणा.” बूट तुरीच्या धसकटाने फाटला असावा, असे त्यांचे मत होते. मला ते पटले नाही, कारण चीर एकाच घडीत असली तरी शेजारच्या दोन घड्यांच्या तळाशीही केसासारख्या भेगा होत्या. परभणीचा ४२ अंशांपुढचा उन्हाळा रबराला वर्षानुवर्षे सुकवतो, आणि पांदणीतले हेलकावे ते शेवटी फाडतात, असे मला वाटते.

गाडी जमिनीवर असतानाच, चाक ज्यावर बसते त्या हबचा मोठा नट सैल केला, कारण चाक अधांतरी असताना तो हलत नाही. मग गाडी जॅकने उचलून स्टँडवर घेतली, गिअर ऑइल काढले, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला आणि शाफ्ट बाहेर घेतला. जॉइंट शाफ्टवरून निघाल्यावर तो डिझेलने धुऊन, हवा मारून कोरडा केला. त्यानंतरची दहा मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. मिस्त्री एकेक गोळी उजेडाकडे धरून पाहत होते आणि खाचांतून नख फिरवत होते. पाचव्या गोळीवर फिकट रेघ दिसली, परंतु नखाला ती लागली नाही. खाचेत नख अडकले असते, तर बुटाचे काम तिथेच थांबवून जॉइंटच बदलावा लागला असता.

ग्रीस मात्र नव्या बुटाच्या किटसोबत आलेले, मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळेच वापरावे. बेअरिंगचे साधे ग्रीस इथे चालत नाही, कारण गोळ्यांवरचा दाब फार मोठा असतो. बुटाचे तोंड आवळायची लहान पट्टी आणि नवा बूट शाफ्टवर आधी चढवला, मग जॉइंट त्याला जागेवर धरणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, बसेपर्यंत ठोकला. निम्मे ग्रीस बोटाने गोळ्यांमध्ये दाबले आणि उरलेले बुटात भरले. मोठी पट्टी आवळण्यापूर्वी बुटाची कड स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचलून आतली कोंडलेली हवा सोडली. ती राहिली तर बूट फुगतो किंवा त्याच्या घड्या आत ओढल्या जातात. शाफ्ट परत घालताना त्याचे दाते गिअरबॉक्सच्या ऑइल सीलच्या ओठाला लागू दिले नाहीत. हबचा नट नवा घेतला, ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे नेमक्या जोराने आवळला आणि त्याची कड छिन्नीने शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवली.

गिअर ऑइल भरून झाल्यावर शेजारच्या मोकळ्या मैदानात काचा खाली करून स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवत मी गाडीचे सहा फेरे घेतले. मिस्त्री मधोमध उभे राहून चाकाकडे कान देत होते. टायरखाली मुरूम करकरत होता, त्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.