स्कोपचे टरेट घट्ट फिरते, तेव्हा काय तपासावे

एअर रायफलवर बसवलेल्या स्कोपचे, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीचे, टरेट (नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवण्याचे फिरते बटण) घट्ट फिरू लागले की बहुतेकांचा हात आधी तेलाच्या बाटलीकडे किंवा पकडीकडे जातो. स्कोप खराब होतो तो बऱ्याचदा या दोन उपायांनी, घट्टपणाने नव्हे. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले तेही पीप साइटवर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहण्याच्या साधनावर, नेम धरूनच. आपल्याकडच्या नेमबाजीच्या शिक्षणात त्यामुळे पीप साइटची देखभाल नीट शिकवली जाते, पण छंद म्हणून ४.५ मिमी छर्ऱ्याच्या रायफलवर स्कोप लावणाऱ्यांना त्याच्या आतल्या रचनेबद्दल सांगणारे कोणी भेटत नाही, असे माझ्या पाहण्यात आले आहे.

ही रचना समजली की निदान निम्मे झालेच. स्कोपच्या मुख्य नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते, तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात. तिचे एक टोक सांध्यावर टेकलेले असते. दुसऱ्या टोकावर वरून एलिव्हेशनचा (नेम वर-खाली करणारा) आणि बाजूने विंडेजचा (नेम डावी-उजवीकडे नेणारा) स्क्रू दाबतो, आणि समोरच्या कोपऱ्यातली स्प्रिंग तिला या दोन्ही स्क्रूंवर उलट रेटून धरते. बोटांना जाणवणारा क्लिक मात्र या नळीतून येत नाही, तो टरेटमधल्या दातेरी कड्यावर घसरणाऱ्या छोट्या गोलकाचा किंवा खिळीचा असतो. म्हणजे टरेट फिरवताना जो विरोध जाणवतो तो किमान चार ठिकाणांहून येऊ शकतो: दातेरी कडे, पाणी व धूळ आत जाऊ नये म्हणून बसवलेली रबरी ओ-रिंग, स्क्रूचे आटे आणि स्प्रिंगचा दाब. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि त्यांतले फक्त दोनच आपल्या हातातले आहेत.

लॉक असलेली बरीच टरेट वर ओढल्याशिवाय फिरत नाहीत, हे आधी पाहून घ्यावे. नवा स्कोप थोडा घट्ट असणे हा तर दोषच नव्हे. झाकण नसलेले टरेट कपड्याला किंवा म्यानाला घासून आपोआप फिरू नये म्हणून उत्पादक ते मुद्दाम ताठ ठेवतात, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा सावकाश फिरवल्यावर आतले ग्रीस पसरून ते बरेचसे मोकळे होते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी नेमबाजांना हिवाळ्यात हाच अनुभव येतो, कारण थंडीत ग्रीस दाट होते; पुण्या-मुंबईच्या हवेत मात्र हे कारण सहसा लागू पडत नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण माउंटच्या, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या बैठकीच्या, रिंग हे आहे. स्कोपची नळी ॲल्युमिनियमची आणि पातळ असते. रिंगचे स्क्रू जोर लावून आवळले, किंवा पुढची आणि मागची रिंग एका रेषेत नसली, तर नळी किंचित चेपते वा वाकते, आणि इरेक्टर ट्यूबला आत सरकायला जागा उरत नाही. क्लबमधल्या एका मुलीने दुकानातून बसवून आणलेल्या स्कोपचे विंडेज अंगठा दुखेपर्यंत घट्ट होते. रिंगचे स्क्रू एकेक करून थोडे सैल करताच तेच टरेट दोन बोटांनी फिरू लागले. निदानाची याहून सोपी रीत मला माहीत नाही: रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, रिंग सैल कराव्यात आणि टरेट पुन्हा फिरवून पाहावे. फरक पडला तर दोष स्कोपचा नाही. रिंगच्या वरच्या स्क्रूंसाठी अनेक उत्पादक १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर इतकाच जोर सुचवतात. ॲलन कीचा लांब दांडा मुठीत धरून आवळले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून टॉर्क पाना (ठरावीक जोर मोजून आवळणारा) नसेल तर की आखूड बाजूने, दोन बोटांत धरावी.

रिंग सैल करूनही फरक पडला नाही, तर टरेट त्याच्या फिरण्याच्या मर्यादेच्या टोकाशी आले आहे का, हे पाहावे. एलिव्हेशन ‘अप’कडे नेताना स्क्रू वर येतो, स्प्रिंग सैलावते आणि टरेट हलके लागते, ‘डाउन’कडे नेताना स्प्रिंग दाबली जाते आणि टरेट जड होत जाते. पुढे उतरता माउंट लावून जवळच्या अंतरावर झिरो करणाऱ्याला (नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवणाऱ्याला) बरेच ‘डाउन’ जावे लागते, त्यामुळे त्याचे टरेट जड लागणे स्वाभाविक आहे. तिथे दुरुस्ती माउंटमध्ये करायची, टरेटमध्ये नव्हे. आणखी एक बारकावा असा की मुख्य नळी आतून गोल असते. विंडेज एका बाजूला फार सरकवलेले असेल, तर इरेक्टर ट्यूब वर-खाली जाताना लवकरच भिंतीला टेकते आणि एलिव्हेशन माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेच्या बरेच आधी अडते. अशा वेळी टोकावर जोर लावणे म्हणजे आटे खराब करणे होय. विंडेज मधोमध आणावे आणि बाजूची चूक माउंट सरकवून किंवा बदलून काढावी.

टरेटची वरची टोपी तिच्या बारीक स्क्रूंवरून काढता येते, आणि इथपर्यंत जायला हरकत नाही. टोपी फार खाली बसून घासत असेल तर ती केसभर वर घ्यावी. आतली धूळ कोरड्या सुती कपड्याने पुसून, बाहेरून दिसणारी ओ-रिंग कोरडी पडली असल्यास तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. फवाऱ्याचे तेल मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ते ग्रीस धुऊन काढते आणि काही प्रकारच्या रबराला फुगवते. टोपीखालचा मुख्य स्क्रू तर कधीही पूर्ण बाहेर काढू नये; स्कोपमध्ये नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो आणि ती सील मोडली की आपल्या पावसाळ्यात काचांवर आतून धुके व पुढे बुरशी येणे फार दूर नसते.

टरेट मोकळे झाले तरी ते खरे चालते आहे का, हे वेगळे तपासावे लागते. रायफल घट्ट स्टँडमध्ये बसवून २५ मीटरवर मिलिमीटरच्या रेघा आखलेला कागद लावावा आणि एकही छर्रा न झाडता क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, किती सरकते ते पाहावे. दर क्लिकला पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकणाऱ्या टरेटवर ४० क्लिक म्हणजे १० एमओए, तेव्हा या अंतरावर क्रॉसहेअर सुमारे ७३ मिमी सरकले पाहिजे, आणि तेवढेच क्लिक परत फिरवल्यावर नेमके मूळ जागी आले पाहिजे. काही क्लिक काहीच घडत नाही आणि मग क्रॉसहेअर एकदम उडी मारते, असे दिसले तर इरेक्टर ट्यूब आत अडखळते आहे. स्प्रिंग-पिस्टन रायफलवर (स्प्रिंगच्या जोराने हवा दाबून छर्रा झाडणाऱ्या) याची शक्यता जास्त असते, कारण तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, आणि फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेले स्कोप तो फार काळ सोसत नाहीत. अशा स्कोपवर घरी आणखी प्रयोग करू नयेत. तो उत्पादकाच्या दुरुस्ती केंद्रात पाठवावा, आणि पाठवताना कोणत्या टरेटवर, कोणत्या दिशेला, कितव्या क्लिकपासून अडते, हे लिहून सोबत द्यावे.