टिकल्यांचा पाठ आणि एक प्रश्न

नैसर्गिक निवडीच्या पाठाला फुलाफुलांचं सुती कापड लागतं, मीटरभर पुरतं. त्यावर पंचिंग मशीनने पाडलेल्या कागदी टिकल्या पसरायच्या: पाच रंग, प्रत्येकी 20, एकूण 100. चार मुलं शिकारी होतात. एका वेळी एकच टिकली उचलायची आणि दर खेपेला कापडाकडे पाठ फिरवायची. ही पाठ फिरवायची अट ढिली पडली की मुलं एकाच कोपऱ्यातून सपासप वेचतात आणि रंगाचा काही संबंधच उरत नाही. 75 उचलून झाल्या की थांबायचं. उरलेल्या 25 पैकी प्रत्येकीला तीन पिल्लं, म्हणजे पुन्हा 100. दोन-तीन पिढ्यांत कापडात लपणारे रंग वाढलेले दिसतात. इथे अमेरिकेतल्या युटा राज्याच्या कोरड्या हवेत टिकल्या एकमेकींना चिकटतात, तेवढी मोजणी सांभाळावी लागते.

माझ्या वर्गावर आलेल्या छात्राध्यापकाने हे सगळं आधी घरी करून पाहिलं होतं. तयारीत मॉर्मन चर्चच्या मिशनहून, म्हणजे धर्मप्रचाराच्या कामाहून, परतलेल्या मुलांचा हात कुणी धरणार नाही. मुलगे 24 महिने जातात, मुली 18. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास करायचा, मग दिवसभर अनोळखी दारं. हा पेरूमध्ये होता, त्यामुळे पालकसभेत स्पॅनिश बोलणाऱ्या आयांसाठी दुभाषा शोधावा लागत नाही. रविवारी काम करत नाही, म्हणून सोमवारचं पाठ टाचण शनिवारी रात्रीच येऊन पडतं. (चहा त्यांच्या चर्चमध्ये वर्ज्य, त्यामुळे माझ्या थर्मासमधला मात्र मला एकटीलाच संपवावा लागतो.)

मोडाव्या लागतात त्या सवयीही तिथूनच आलेल्या. मिशनरी कधी एकटा नसतो. सोबत कम्पॅनियन, म्हणजे जोडीदार मिशनरी असतो. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकणाऱ्याचा चेहरा वाचतो. वर्गात तो दुसरा नसतो, म्हणून सुरुवातीला याचं मागच्या दोन रांगांकडे लक्षच जायचं नाही. उपाय साधा होता: टाचणाच्या समासात दर दहा मिनिटांना एक फुली. फुली आली की बोलणं थांबवून वर्गाच्या मागे जाऊन यायचं. दुसरी सवय प्रश्नांची. मिशनवरचा प्रश्न समोरच्याला होकाराकडे नेतो, आणि होकार आला की पुढची पायरी. विज्ञानाच्या प्रश्नाला नकारही चालला पाहिजे. प्रश्न विचारून निदान तीन सेकंद गप्प राहिलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं. याला ते तीन सेकंद फार जड जायचे.

त्या दिवशी दुसरी पिढी मोजून झाली होती. पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "तुम्ही मिशनला जाऊन आलात ना? मग तुमचा या उत्क्रांतीवर विश्वास आहे?"

तो थांबलाच नाही. आवाज खाली आला, सूर संथ झाला आणि वाक्य सुरू झालं: "मला ठाऊक आहे की..." इथे राहणारा कुणीही तो सूर ओळखतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून लोक चर्चमध्ये उभे राहतात आणि आपली टेस्टिमनी, म्हणजे श्रद्धेची साक्ष देतात, तोच हा सूर. दोनेक मिनिटं तो देवाबद्दल मनापासून बोलला. निम्म्याहून अधिक वर्ग आदराने स्तब्ध. खिडकीजवळची तीन मुलं टिकल्या निवडत खाली बघत राहिली. ती त्या चर्चची नव्हती. निरीक्षण तक्त्यावर मी फक्त वेळ आणि त्या तिघांची बाकं लिहिली.

तास संपल्यावर त्याला तक्ता दाखवला. विश्वास चुकला असं मी म्हटलं नाही, तो माझा अधिकारच नाही. सरकारी शाळेत तासावर असताना शिक्षक सरकारी माणूस असतो, त्याने तिथे धर्माची साक्ष द्यायची नसते, एवढंच सांगितलं. शिवाय त्याच्या चर्चचंच ब्रिगम यंग विद्यापीठ जीवशास्त्रात उत्क्रांती शिकवतं. उत्क्रांतीबद्दलच्या चर्चच्या अधिकृत निवेदनांचा संच त्या विद्यापीठाने 1992 सालीच एकत्र केला आहे, आणि मानवाच्या उत्पत्तीबद्दलचं 1909चं निवेदन त्यात आहे. हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. "पण तिने मला विचारलं होतं," तो म्हणाला. "दारात कुणी विचारलं आणि उत्तर दिलं नाही, असं मी दोन वर्षांत एकदाही केलं नाही."

अशा प्रश्नांची जागा खरं तर रस्त्यापलीकडे आहे. आमच्या शाळेसमोरच चर्चची सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाची शाळा आहे. मुलं एका तासाला शाळेची रजा घेऊन तिथे जातात. ही पद्धत 1912 साली सॉल्ट लेक सिटीच्या ग्रॅनाइट हायस्कूलपासून सुरू झाली. शाळेच्या आवाराबाहेर अशा सुटीच्या तासाला जायला घटनेची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका खटल्यात 1952 साली ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बी-डेच्या, म्हणजे एकाआड एक दिवस येणाऱ्या दुसऱ्या वर्गाला तोच पाठ होता, आणि तोच प्रश्न आला. या वेळी विचारणारा त्या वर्गातल्या खिडकीजवळच्या बाकावरचा होता, जरा खोचकच. याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे दोन वर्षं मिशनची काळी नावपट्टी होती. एक, दोन, तीन. मग म्हणाला, "माझा विश्वास काय, ते शाळा सुटल्यावर मला माझ्या घरचे विचारतात. तुझ्या टेबलावर तिसऱ्या पिढीत पिवळ्या किती उरल्या?"

"दोन."

"पहिल्या पिढीत?"

"वीस. पण दोन चिकटून आल्या होत्या, म्हणजे बावीस असतील."

"मग परत मोज," तो म्हणाला आणि फुली आली म्हणून मागच्या रांगेकडे निघाला.