तुम्ही विचारलंत म्हणून: ९४६ डॉलर ६९ सेंट

अमेरिकेत नवा प्रेसिडेंट आला की मला पुण्याहून फोन येतात. मामा, चुलत बहिणी, शाळेच्या ग्रुपवरच्या मैत्रिणी, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. अगं, ओबामाच्या वेळी तिकडे एका बाईंना एवढ्याशा टॅक्ससाठी, हजार डॉलरसुद्धा नाहीत, घरी बसवलं होतं ना, हे जरा अतीच नाही का? आपल्याकडे तर उमेदवाराच्या ॲफिडेव्हिटमध्ये केसेसची यादी असते तरी पुढे मंत्रीपदाची शपथ होतेच की.

मी मेरीलंडमध्ये गेली २२ वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते, म्हणून हे माझ्याकडे येतं. फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही म्हणून एकदा नीट लिहिते. माझं उत्तर: नाही, अती नव्हतं.

त्या बाई म्हणजे नॅन्सी किलेफर. मॅकिन्झी या मोठ्या सल्लागार कंपनीत मोठ्या पदावर होत्या, ओबामांनी जानेवारी २००९ मध्ये त्यांना सरकारी खर्चावर आणि कामावर नजर ठेवण्यासाठी निवडलं, पद बजेट ऑफिसमधलं. आणि मग निघालं की २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या पालिकेने त्यांच्या घरावर बोजा चढवला होता, आपल्याकडे सातबाऱ्यावर चढतो तसाच, ९४६ डॉलर ६९ सेंटचा. त्यात मूळ टॅक्स फक्त २९८ डॉलर, ६०० दंड आणि उरलेलं व्याज. पैसे भरून झाले होते, तरी ३ फेब्रुवारी २००९ ला त्यांनी नाव मागे घेतलं.

त्याच दिवशी टॉम डॅशल गेले. सिनेटमध्ये, म्हणजे मंत्र्यांची नावं मंजूर करणाऱ्या वरच्या सभागृहात, ओबामांच्याच डेमोक्रॅट पक्षाचे नेते राहिलेले, आरोग्य खातं त्यांना मिळणार होतं, ओबामांचं हेल्थकेअरचं सगळं स्वप्न त्यांच्या भरवशावर. सिनेटमधून बाहेर पडल्यावर एका गुंतवणूकदार मित्राने त्यांना गाडी आणि ड्रायव्हर दिला होता. तीन वर्षांत त्या सोयीची किंमत झाली अडीच लाख डॉलरच्या वर आणि ती त्यांनी उत्पन्नात दाखवलीच नाही. बाकीच्या चुका धरून टॅक्स आणि व्याज मिळून १ लाख ४० हजार डॉलर भरले, ते २००९ च्या जानेवारीत, नाव जाहीर झाल्यावर.

आणि टिमथी गाइटनर, ट्रेझरी म्हणजे अर्थखातं, म्हणजे टॅक्स गोळा करणारं आयआरएस ज्यांच्या हाताखाली येणार ते. हे प्रकरण मला जवळचं, कारण आमच्या भागात आयएमएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, आणि वर्ल्ड बँकेत काम करणारे भरपूर आणि त्यातले काही माझ्याकडे येतात. गाइटनर आधी आयएमएफमध्येच होते. तिथल्या अमेरिकन नागरिकाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांचा टॅक्स कापला जात नाही, तो आपला आपण भरायचा असतो, धंदेवाल्या माणसासारखा. आयएमएफ त्यातला मालकाचा अर्धा वाटा कर्मचाऱ्याला वेगळा देते, त्यासाठी अर्ज भरून सही करायची असते की हा टॅक्स मी भरणार आहे. गाइटनरांनी सही केली, पैसे घेतले, आणि २००१ ते २००४ टॅक्स भरला नाही. २००६ मध्ये ऑडिट झालं तेव्हा २००३ आणि २००४ चा भरला. आधीच्या दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती, कायद्याने कोणी मागू शकत नव्हतं, म्हणून तो राहिला. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रीपदाची चौकशी सुरू झाली आणि मग तो भरला. एकूण टॅक्स ३४ हजार डॉलर. सिनेटने ६० विरुद्ध ३४ मतांनी त्यांना पास केलं, कारण बँका कोसळत होत्या आणि दुसरा माणूस शोधायला वेळ नाही असं सगळ्यांनी मनाशी ठरवलं होतं.

माझ्याकडे त्या फेब्रुवारीत एक क्लायंट हातात कागदांचं पाकीट घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, ताई, त्यांना चालतं तर मलाच का नाही. त्यांची आयआरएसची नोटीस १,१०० डॉलरची होती आणि ते हप्त्याने भरत होते. मला उत्तर देता आलं नाही. माझ्या मते गाइटनरांनीही जायला हवं होतं, आणि ते राहिले म्हणून किलेफर बाईंवर अन्याय झाला असं जे लोक म्हणतात त्यांचं मला अर्धंच पटतं. राहिले ते चुकलं, गेल्या ते बरोबर झालं.

माझ्या धंद्यात रकमेपेक्षा आधी बघतो ते हे की पैसे कधी भरले. चूक कळली त्या दिवशी, की पकडले गेल्यावर, की मोठं पद समोर दिसल्यावर. चुका सगळ्यांच्या होतात, अमेरिकन टॅक्सचा कायदा इतका किचकट आहे की माझ्याही होतात, पण तारीख बघितली की माणूस कळतो. किलेफर आणि डॅशल गेले त्याच दिवशी ओबामांनी टीव्हीवर चूक आपली आहे असं स्वतः कबूल केलं, बड्यांना एक नियम आणि साध्या माणसांना दुसरा असं चालणार नाही म्हणाले, आणि मला ते ऐकून खरंच बरं वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं आधीच का नाही कळत. कळायला व्यवस्था आहे, १९७८ च्या कायद्यापासून संपत्ती जाहीर करावी लागते, एफबीआय मागचं आयुष्य बघतं, आयआरएसचा रिपोर्ट असतो, शेवटी सिनेटच्या कमिटीतले लोक रिटर्न्स घेऊन बसतात. ओबामांच्या टीमची तर ६३ प्रश्नांची यादी होती आणि त्यात घरकामाला कोण आहे, त्यांचा टॅक्स भरला का हाही प्रश्न होता. कारण १९९३ मध्ये क्लिंटननी ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुख, म्हणून निवडलेल्या झोई बेअर्ड नेमक्या त्यातच अडकल्या होत्या, घरी ठेवलेल्या पेरूच्या जोडप्याकडे कामाचे कागदपत्र नव्हते आणि त्यांचा टॅक्सही भरला नव्हता. म्हणजे यंत्रणा आहे. पण ती चालवणारा प्रेसिडेंट मनावर घेणार की नाही यावर सगळं. २०२४ मध्ये ट्रम्पच्या टीमने एफबीआय तपासणीच्या करारावर डिसेंबर उजाडल्यावर सही केली, तोवर बहुतेक मंत्र्यांची नावं जाहीर करून झाली होती.

आणि २०१७ ची गोष्ट तर मला अजून बोचते. मिक मलव्हेनी, ट्रम्पनी त्यांना बजेट ऑफिसचं प्रमुख केलं, म्हणजे किलेफर बाई जिथे जाणार होत्या तेच ऑफिस. मुलं सांभाळायला ठेवलेल्या बाईचा टॅक्स त्यांनीही भरला नव्हता, १५ हजार डॉलरच्या वर, आणि भरला तो नाव जाहीर झाल्यावर. सिनेटने ५१ विरुद्ध ४९ नी पास केलं. तेच ऑफिस, तीच चूक, रक्कम पंधरा पटीच्या वर, मध्ये गेली फक्त आठ वर्षं.

पण तुमच्या प्रश्नातला "एवढ्याशा टॅक्ससाठी" हा शब्द मला खटकतो तो वेगळ्या कारणाने. किलेफर बाईंचा तो टॅक्स कशाचा होता हे कोणी विचारत नाही. घरकामाला ठेवलेल्या माणसाच्या बेरोजगारी विम्याचा. उद्या काम सुटलं तर काही महिने हातात काहीतरी यावं म्हणून मालकाने भरायचे पैसे. मलव्हेनींच्या टॅक्समध्ये तर त्या बाईच्या म्हातारपणाची पेन्शनही आली. आपल्याकडेही २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, म्हणजे हे आपल्याला नवीन नाही. तरी पुण्यातून फोन करणारे सगळे त्या मोठ्या पदावरच्या बाईंबद्दल हळहळतात, घरात कामाला होती तिच्याबद्दल एकानेही विचारलेलं नाही.

२०१२ मध्ये माझ्याकडे एक मराठी काकू आल्या. नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्या राज्यात, वय ६३. इकडे आल्यावर तीन वर्षं एका दुकानात काम केलं आणि मग सात वर्षं आपल्याच लोकांची मुलं सांभाळली, तीन-चार घरं, सकाळी साडेसातपासून, शिवाय पोळ्या. सगळे पैसे कॅश. घरं चांगली होती हो, डॉक्टर, इंजिनियर, दिवाळीला साडी द्यायचे, काकू म्हणून पाया पडायचे. त्यांनी सोशल सिक्युरिटीचं स्टेटमेंट आणलं होतं, चार घड्या घातलेलं. त्यात एकेका वर्षासमोर एकेक आकडा असतो. दुकानाच्या तीन वर्षांसमोर आकडे, आणि त्याखाली ०, ०, ०, ०, ०, ०, ०. काकू म्हणाल्या, ह्यात काहीतरी प्रिंटिंगची चूक आहे का, मी तर एक दिवस सुट्टी घेतली नाही. पेन्शन आणि फुकट मेडिकेअरसाठी दहा वर्षांचं काम नोंदलेलं लागतं. त्यांची दहा वर्षं पूर्ण भरली होती, कागदावर तीनच.

मी त्या घरांना फोन केले. एकांनी सांगितलं की आम्ही तर त्यांना घरच्यासारखं वागवलं. दुसऱ्यांनी फोनच उचलला नाही. शेवटी एक डॉक्टर जोडपं, ज्यांच्याकडे शेवटची तीन वर्षं होती, ते आले. मी त्यांचे जुने शेड्यूल एच भरले, घरकामवाल्यांच्या टॅक्सचा तो फॉर्म, दोन पानांचा, आणि त्यांनी टॅक्स, व्याज, दंड सगळं भरलं. बाई रडल्या होत्या माझ्या टेबलाशी, आम्हाला माहीतच नव्हतं म्हणाल्या, आणि ते खरं असावं. पण त्यांना कोणी मंत्री करणार नव्हतं, तरी भरलं.

साधारण तीन वर्षांच्या मागची नोंद सहसा दुरुस्त करून मिळत नाही. पुढच्या वर्षी काकूंनी नवीन स्टेटमेंट आणलं, शेवटच्या तीन ओळींत आकडे आले होते. वरची चार शून्यं तशीच. काकू अजून काम करतात, आता टॅक्स कापून.