चिंचोका आणि १/२

दहावीचा वर्ग, संभाव्यतेचा पहिलाच तास. फळ्यावर नाण्याचा नमुना अवकाश लिहून झाला होता: छापा आणि काटा, घटक २, म्हणून छापा मिळण्याची संभाव्यता १/२. मग अष्टाचंग्याला घेतात तसा एक फोडलेला चिंचोका टेबलावर ठेवला. आतली बाजू पांढरी, सपाट. बाहेरची तपकिरी, फुगीर. पांढरी बाजू वर पडण्याची संभाव्यता किती?

"दोनच शक्यता आहेत सर, म्हणजे १/२." अख्ख्या वर्गाचं हेच उत्तर.

या धड्यातली सगळ्यात चिवट चूक हीच. "चूक आहे" एवढं सांगितलं तर मुलं मान डोलावतात, पण समजूत बदलत नाही. तेव्हा चिंचोका टाकायचा ठरवला. नियम आधीच फळ्यावर लिहिले. चिंचोका शेवटपर्यंत तोच. स्टीलच्या पेल्यात हलवून वीतभर उंचीवरून उघड्या फरशीवर टाकायचा, सतरंजीवर नाही. मऊ जागेवर तो न उलटता तसाच रुततो. भिंतीला टेकून उभा राहिला तर ती फेक मोजायची नाही. हा शेवटचा नियम अगोदर ठरवला नाही, तर मुलं हव्या त्या बाजूला फेक ढकलतात.

पहिल्या १० फेकींत पांढरी आली ५ वेळा. वर्गात टाळ्या! इथेच थांबलो असतो तर चूक पक्की झाली असती. ५० फेकींनंतर आकडा ३१ झाला आणि टाळ्या थांबल्या. २०० फेकींनंतर १२६, म्हणजे ०.६३. शेजारच्या रांगेने तेवढ्याच वेळा रुपयाचं नाणं उडवलं, छापा ९६ वेळा, म्हणजे ०.४८.

"मग नाण्याचंही १/२ नाहीच की," मागच्या बाकावरून आलं. प्रश्न अगदी योग्य होता. जॉन केरिच या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना नाणं १०,००० वेळा उडवलं आणि छापा ५,०६७ वेळा आला, हे सांगितलं. फेकी वाढतात तसं गुणोत्तर एका जागी स्थिरावत जातं; नाण्याचं १/२ च्या जवळ. २०० फेकींत चार-पाचाची तफावत नेहमीची, सव्वीसची नाही.

आता 'समसंभाव्य', म्हणजे घडण्याची शक्यता सारखीच असलेल्या, हा शब्द फळ्यावर लिहिला. घटनेतल्या घटकांच्या संख्येला एकूण घटकांच्या संख्येने भागायचं सूत्र फक्त निष्पत्ती, म्हणजे येऊ शकणारे निकाल, समसंभाव्य असतील तिथेच चालतं. नाण्याच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात, चिंचोक्याच्या नसतात. त्याची संभाव्यता नुसत्या बाजू मोजून मिळत नाही, टाकूनच अंदाजावी लागते.

फाशाला फार वेळ लागला नाही. अडचण भाषेची होती: '४ पेक्षा कमी' म्हणजे तीन निष्पत्ती, '४ पेक्षा कमी नाही' म्हणजेही तीनच, पण वेगळ्या. उत्तर दोन्हीकडे १/२ येत असल्यामुळे चूक लपते, म्हणून मुद्दाम '५ पेक्षा कमी' घ्यावं: ४/६ आणि २/६. मूळ संख्यांत १ धरणारेही बरेच असतात. पत्त्यांना मात्र वेळ द्यावाच लागतो. काही घरांत पत्ते खेळतच नाहीत, त्यामुळे पुस्तकातलं गणित कळण्याआधीच मूल अडतं. खरा कॅट हातात दिला. इस्पिक, किलवर, बदाम, चौकट प्रत्येकी १३ मोजायला लावले. चित्रयुक्त पत्ते म्हणजे राजा, राणी, गुलाम, एकूण १२. एक्का त्यात धरला की १६ होतात आणि १२/५२ ऐवजी १६/५२ लिहिलं जातं.

तास संपताना एका मुलीने विचारलं, "सर, अष्टाचंग्याला चार चिंचोके लागतात. चारही ०.६३ चेच का?" तिने दुसरा चिंचोका घरी नेला. दुसऱ्या दिवशी वहीत पाच-पाचच्या रेघोट्या होत्या: २०० फेकी, पांढरी ८८. तो चिंचोका पहिल्यापेक्षा बराच चपटा होता. उरलेल्या दोघांसाठी तिने मैत्रिणींना कामाला लावलं होतं.