पाणी लागलं का?

"किती फुटांवर पाणी लागलं?"

व्हिडिओ कॉलवर अण्णांनी विचारलं. मी फोन कुंपणापलीकडे धरून त्यांना स्मिथ कॉलेजच्या आवारात उभी असलेली बोअरची गाडी दाखवत होते. तोच धडधड आवाज, तीच दगडाची राखाडी भुकटी, फक्त सगळं अंगण चिखलाने भरलेलं आणि माणसांच्या अंगावर जाडजूड कोट. आम्ही मूळचे जत तालुक्यातले. लहानपणी गावात बोअरची गाडी आली की शाळा सुटायच्या आधीच आमचं लक्ष उडायचं. ओली भुकटी दिसली की नारळ फुटायचा, नाही दिसली की जेवण न करताच लोक घरी जायचे. त्यामुळे अण्णांना दुसरा कुठला प्रश्न सुचणं शक्यच नव्हतं.

"अण्णा, इथे पाण्यासाठी बोअर मारत नाहीत."

"मग एवढी भोकं कशाला पाडतायत?"

त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. नंतर मी विचारत गेले, वाचत गेले, आणि जे कळलं ते दर रविवारी थोडं थोडं त्यांना सांगत गेले. ते सगळं एकत्र लिहून काढते आहे.

आम्ही राहतो ते नॉर्थॅम्प्टन हे गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात आहे. मिस्टर संशोधनासाठी इथे आले, मागोमाग मी आले, आणि आता मी इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. या खोऱ्यात वीसेक किलोमीटरच्या टापूत पाच शिक्षणसंस्था आहेत: स्मिथ, ॲमहर्स्ट, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा ॲमहर्स्टमधला परिसर. पहिली चार लहान, खाजगी. पाचवं मोठं सरकारी विद्यापीठ.

इथे जानेवारीत पारा उणे पंधराच्या खाली जातो. पहिल्या हिवाळ्यात मला सगळ्यात नवल वाटलं ते उघड्या खिडक्यांचं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि जुन्या वसतिगृहांच्या खिडक्या सताड उघड्या! आत इतकं उकडायचं की मुलांना दुसरा उपाय नसायचा. कारण तापवण्याची पद्धत शंभर वर्षांपूर्वीची. आवारात एका टोकाला बॉयलरघर असतं. तिथे इंधन जाळून पाण्याची वाफ करायची, ती जमिनीखालच्या नळांतून प्रत्येक इमारतीत न्यायची, आणि भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरमध्ये सोडायची. वाफ शंभर अंशांच्या वरची. खोली हवी वीस अंशांची. मधल्या वाटेत किती उष्णता वाया जाते ते बघायला यंत्र लागत नाही, बर्फ पडल्यावर जिथे जमिनीखालून वाफेचा नळ जातो तिथे बर्फ टिकत नाही.

थंड प्रदेशातल्या कॉलेजांनी आपल्या कार्बनचा हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आवारात होणाऱ्या उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा वाटा या बॉयलरघराचाच निघाला. पंखे-दिवे बंद करा, कागद वाचवा, या सूचना चांगल्याच आहेत, मी स्वतः पाळते. पण बॉयलर पेटता ठेवून कागद वाचवणं म्हणजे धरणाची भिंत फुटलेली असताना घरातला नळ घट्ट करणं.

आता बोअरचं. अण्णांना मी विहिरीवरून समजावलं. आपल्या विहिरीचं पाणी पौषात पहाटे अंगावर घेतलं तर कोमट लागतं आणि वैशाखात गार. पाणी बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. जमिनीत खोल गेलं की वर बर्फ असो की ऊन, तापमान जवळपास तेच राहतं. या भागात साधारण दहा-अकरा अंश. म्हणून शेकडो फूट खोल बोअर मारायचे, प्रत्येकात यू आकाराचा पाइप सोडायचा आणि त्यातून पाणी फिरवत राहायचं. हिवाळ्यात ते पाणी जमिनीतली ऊब घेऊन वर येतं. दहा अंशांवर खोली तापणार नाही, म्हणून मध्ये हीट पंप लागतो. तो फ्रिजसारखंच काम करतो. फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून ती जाळी हाताला गरम लागते. इथे फ्रिजचं पोट म्हणजे जमीन आणि जाळी म्हणजे वर्गखोली. उष्णता तयार करायची नसते, फक्त उचलून आणायची असते, म्हणून एक युनिट विजेत तीन किंवा त्याहून जास्त युनिटांएवढी ऊब मिळते.

उन्हाळ्यात हेच चक्र उलटं फिरतं. इमारतींतली नको असलेली उष्णता खाली जमिनीत नेऊन ठेवायची. अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे हरिपूरची पेवं."

अगदी तेच. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली खोदलेल्या पेवांत व्यापारी वर्षानुवर्षं हळद ठेवत आले. २००५च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवं गेली, पण ती बघितलेला माणूस ही कल्पना एका वाक्यात समजतो. हंगामात मिळालेलं जमिनीच्या पोटात ठेवायचं, गरज पडेल तेव्हा काढायचं. इथे हळदीच्या जागी ऊन आहे.

स्मिथ कॉलेज १८७१ साली स्थापन झालं. त्यांनी २०२२मध्ये हे काम सुरू केलं, खर्चाचा अंदाज २१ कोटी डॉलर, आणि त्यातून आवारातलं उत्सर्जन ९० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं आहे. २०३०पर्यंत कार्बन-तटस्थ होणं, म्हणजे उत्सर्जन जमेल तेवढं कमी करून उरलेलं भरून काढणं, हे उद्दिष्ट. ॲमहर्स्ट कॉलेजनेही २०३०च धरलं आहे आणि त्यांचंही वाफेचं जाळं काढून कोमट पाण्याचं जाळं टाकण्याचं काम चालू झालं. माउंट होल्योक १८३७चं, त्यांनी द्विशताब्दीचं वर्ष, २०३७, गाठायचं ठरवलं. एक काळ असा गेला की नॉर्थॅम्प्टन ते ॲमहर्स्ट बसने जाताना दोन्ही टोकांना खणलेले चर आणि पिवळ्या फिती दिसायच्या.

इथवर अण्णांना पटलं. पण ते आयुष्यभर कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होते, त्यांनी नेमकी अडचण काढली. "हीट पंपाला वीज लागणार. ती कोळशाची असेल तर धूर इथला तिथे गेला, एवढंच."

बरोबर आहे. आणि एकेकट्या कॉलेजची गोष्ट इथेच संपते.

समजा दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचं एखादं कॉलेज सौरऊर्जा कंपनीकडे गेलं आणि म्हणालं, आमच्यासाठी नवा प्रकल्प उभा करा. कंपनीला जमीन, पॅनेल, वाहिनीची जोडणी यासाठी कर्ज काढायचं असतं, आणि बँक विचारते, वीज घेणार कोण, किती वर्षं? लहान कॉलेजची गरज एवढी छोटी की त्यावर मोठा प्रकल्प उभा राहत नाही, आणि छोट्या प्रकल्पाची वीज महाग पडते. यावर पाच कॉलेजांनी मिळून वाट काढली. आमच्या खोऱ्यातली स्मिथ, ॲमहर्स्ट आणि हॅम्पशायर, राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं विल्यम्स, आणि मेन राज्यातलं बोडन. पाचही लहान. पाचांनी आपली मागणी एकत्र बांधली, सगळ्यांसाठी एकाच सल्लागारामार्फत बोलणी केली, आणि मेनमधल्या फार्मिंग्टन गावी सुमारे ७६ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. वर्षाला जवळपास ४६ हजार मेगावॅट-तास, म्हणजे ४ कोटी ६० लाख युनिट वीज या पाच कॉलेजांच्या नावावर घेण्याचं ठरलं.

फार्मिंग्टन इथून रस्त्याने चारशे किलोमीटरहून दूर आहे. तिथली वीज काही वेगळ्या तारेने स्मिथच्या वर्गात येत नाही. ती न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, सामाईक जाळ्यात जाते आणि कॉलेज त्याच जाळ्यातून वीज घेतं. पाटात वरून पाणी सोडायचं आणि खाली आपल्या वाफ्यावर तेवढंच घ्यायचं, तसं. काहींना ही हिशेबाची हातचलाखी वाटते. मला वाटत नाही, कारण या पाच जणांनी सही केली म्हणून एक नवा प्रकल्प जाळ्यात आला, तेवढा नैसर्गिक वायू कुठल्यातरी वीजकेंद्रात कमी जळाला. याउलट दूरच्या देशातल्या झाडांची प्रमाणपत्रं विकत घेऊन आपलं बॉयलरघर जसंच्या तसं चालू ठेवणं आणि वर तटस्थतेचा फलक लावणं, हे मला मनापासून खटकतं. शेवटचे चार-दोन टक्के निघतच नसतील तर भाग वेगळा. आधी स्वतःच्या चिमणीकडे बघावं.

हे एकत्र येणं जमलं कसं, याचं उत्तर मला माझ्या कामात मिळालं. आमच्या ग्रंथालयात रोज सकाळी दुसऱ्या चार कॉलेजांतून पुस्तकांचे क्रेट येतात आणि आमचे तिकडे जातात. माउंट होल्योकच्या मुलीला स्मिथमधलं पुस्तक दोन दिवसांत हातात मिळतं, त्यासाठी कुणाची विशेष परवानगी लागत नाही. आमच्या खोऱ्यातल्या पाच संस्थांचा संघ १९६५पासून आहे. विद्यार्थी एका कॉलेजात नाव घालून दुसऱ्याचे वर्ग करू शकतात. आणि हॅम्पशायर कॉलेज तर उरलेल्या चौघांनी मिळून कल्पना मांडून घडवलं; १९५८मध्ये आराखडा झाला, १९७०मध्ये पहिले विद्यार्थी आले. एकमेकांशी विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा करणाऱ्या चार संस्था नवा पाचवा स्पर्धक स्वतः उभा करतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

कॉलेजांना जोडणारी बस या खोऱ्याची नाडी आहे. विद्यापीठाकडून चालणाऱ्या कित्येक फेऱ्यांच्या बस विद्यार्थीच चालवतात, रीतसर परवाना काढून. मी पहिल्यांदा बसले तेव्हा विशीतली मुलगी भल्यामोठ्या बसच्या चाकामागे बसलेली, बर्फात, शांतपणे. त्या बसमुळे इथे हजारो मुलं गाडीशिवाय शिकतात. बस सुरू झाली तेव्हा कार्बन हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पण पन्नासेक वर्षं पुस्तकं, बस आणि वर्ग वाटून घेण्याची सवय असलेल्या माणसांना वीज एकत्र घेऊ या म्हणायला अवघड गेलं नाही. हिशेब ठेवणारे एकमेकांना ओळखत होते. कुणाचं वर्चस्व, कुणाचं नाव आधी, यात वेळ गेला असता तर सौरशेतीची जमीन तशीच राहिली असती, असं मला ठाम वाटतं.

अजून एक गोष्ट इथल्या कॉलेजांनी केली ती म्हणजे उघडा हिशेब. २००६-०७ साली काही कॉलेजांच्या अध्यक्षांनी मिळून हवामानविषयक जाहीर बांधिलकी घेतली, पुढे शेकडो संस्था त्यात आल्या. त्यातली अट साधी होती: उत्सर्जनाची मोजदाद करायची आणि ती सगळ्यांना दिसेल अशी जाहीर करायची. आकडे वाढले तरी. बॉयलरघरात किती जळलं, वीज किती आली, विमानप्रवास किती झाला. शेजारच्याचा आकडा दिसला की स्वतःच्या आकड्याकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

मे महिन्यात वसतिगृहं रिकामी होतात तेव्हा विद्यापीठातली मुलं टाकून दिलेले फ्रिज, दिवे, खुर्च्या गोळा करतात आणि सप्टेंबरात नव्यांना स्वस्तात विकतात. आमच्या घरातला टेबललॅम्प तिथलाच.

नदीच्या खालच्या अंगाला, होल्योक शहरात, माउंट टॉम डोंगराच्या पायथ्याशी कोळशावरचं वीजकेंद्र होतं. ते २०१४मध्ये बंद झालं आणि त्या जागेवर आता सौर पॅनेल आहेत. अण्णांना तो फोटो पाठवला तेव्हा त्यांनी चंद्रपूरचं नाव काढलं. आपल्याकडे थंडी नाही, बॉयलरघर नाही. आपल्या कॉलेजांचा प्रश्न सरळ विजेचाच आहे. संगणककक्ष, पंखे, पंप, प्रयोगशाळा, वसतिगृहातलं गरम पाणी. आणि ती वीज चंद्रपूर, कोराडी, परळीच्या कोळशातून येते. छतावर पॅनेल लावता येतात, पुष्कळांनी लावलेही आहेत, पण छताला मर्यादा असते. मोकळं माळरान मात्र जत-आटपाडीकडे हवं तेवढं आहे.

केंद्र सरकारने २०२२मध्ये हरित ऊर्जेच्या मुक्त प्रवेशाचे, म्हणजे सौर-पवन वीज आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून सामाईक तारांतून घेण्याचे, नियम आणले. त्याआधी अशी वीज थेट उत्पादकाकडून घ्यायला निदान १ मेगावॅटचा भार लागायचा, ती मर्यादा १०० किलोवॅटवर आली. वहन आकार, म्हणजे तारा वापरण्याचं भाडं, आणि बाकीचे अधिभार भरावे लागतात, त्यामुळे हिशेब बारकाईने करावा लागतो. पण सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आसपास आणखी कॉलेजं, शाळा, वसतिगृहं आहेत. या सगळ्यांनी फक्त एका वर्षाची वीजबिलं एका टेबलावर आणली तर किती भार होतो ते कळेल. एवढ्याला पैसे लागत नाहीत. माझी फार इच्छा आहे हे व्हावं.

हे मी गेल्या रविवारी बोलले. अण्णा काही म्हणाले नाहीत, चहा आणायला उठले आणि फोन आईकडे दिला. बुधवारी पहाटे उठले तर त्यांचा निरोप येऊन पडलेला. ते त्यांच्या जुन्या कॉलेजात जाऊन आले होते, हिशेबखात्यात बसून बारा महिन्यांची बिलं वहीत उतरवून घेतली होती. शेजारच्या कॉलेजातल्या ओळखीच्यांनी सोमवारी बोलावलं आहे. खाली लिहिलं होतं, "त्या पाच कॉलेजांनी कसं केलं ते मराठीत लिहून पाठव. इंग्रजी नको. वाचून दाखवायचं आहे."