अस्तंबा, भाग तीन: शापाचा हिशेब चुकला

मंडळी, मागच्या वेळी फुशारकीने सांगितलं होतं, कादंबरीचा भाग दोन संपला, आता नुसता उतार. कसला उतार! गाडी घाटातच बंद पडली.

प्रलयानंतरच्या भुसावळात, ओस यार्डात वाढलेली आपली नायिका सातपुड्यात अस्तंब्याला चढते आणि तिथे तिला अश्वत्थामा भेटतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोन जगांमधला दुवा तोच. जादूची दारं, आरसे, भुयारं मला मुळातच पटत नाहीत. माणूस चालत चालत जुन्या जगातून इथवर आला, विषय संपला. शाप कलियुगाच्या अंतापर्यंतचा, असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून कधी तपासलंच नाही. परवा सौप्तिकपर्व उघडलं. तिथे श्रीकृष्ण म्हणतो, ‘त्रीणि वर्षसहस्राणि’. तीन हजार वर्षं, बस्स.

ऐहोळेचा शिलालेख शके 556 चा, म्हणजे इ.स. 634. त्यात भारतीय युद्धाला 3735 वर्षं झाल्याचं कोरलंय. म्हणजे युद्ध इ.स.पू. 3102 च्या आसपास आणि शाप इ.स.पू. 102 ला खलास. नायिकेच्या जन्माआधी दोन हजारांवर वर्षं! चार रात्री झोप नाही. दिव्य वर्षं (देवांचं एक म्हणजे आपली 360) धरून पाहिली, 3000 गुणिले 360, झाली 10,80,000. अख्खं कलियुगच 4,32,000 चं. ते पान फाडून चुलीत घातलं.

पाचव्या रात्री तोच श्लोक पुढे वाचला. तुझ्याशी कुणी बोलणार नाही, हेही शापातच आहे! आणि माझ्या चौथ्या प्रकरणात दोघं अकरा पानं गप्पा मारतायत. म्हणजे शाप संपलेलाच हवा. फक्त त्याला ते कळलेलं नाही, कारण रक्त-पुवाच्या वासाने कुणी जवळ थांबतच नाही. हिचं नाक मात्र डिझेल-ग्रीसमध्ये मुरलेलं. आता त्यांची भेट अशी:

‘तेल शे का?’
‘शे. पन खावानं नही.’

एवढंच. या दोन ओळींवर मी दोन कप चहा प्यालो. (खरं तर डोंगरात राहिलेला माणूस अहिराणीआधी पावरी बोलेल. पावरी जाणणारं कुणी असेल तर सांगा, बदलतो.)

बाकी, फोनवर बोलून टायपिंग करण्याचा नाद सोडा. ‘अस्तंबा’चा प्रत्येक वेळी ‘अचंबा’ होतो. चाळीस पानी वही आणि जेल पेनच बरं.

हे लिहिता लिहिताच सुचलं: इ.स.पू. 102 म्हणजे पितळखोऱ्याची लेणी कोरली जात होती तो काळ! शाप संपला त्या दिवशी तो तिथेच उभा असेल तर? छिन्नीचे घाव चालू आहेत, एक पाथरवट मान वर करून सहज विचारतो, ‘पाणी हवं का?’ आणि हा घाबरून पळतो.

तेव्हा दिवाळीत, अस्तंब्याच्या यात्रेपर्यंत भाग तीन पुरा करायचा बेत रद्द. आधी नवं पहिलं प्रकरण. येत्या रविवारी चाळीसगावहून पितळखोऱ्याला जातोय, दरीत पायऱ्या उतरताना आवाज कुठवर पोचतो ते ऐकायचंय. मोटारसायकलवर मागची सीट रिकामी आहे, कळण्याची भाकरी माझ्याकडून.